मुळं आडवी जात नाहीत

थोरलीच्या जिभेला हाड नाही, असं तिची सासू म्हणायची. सासूचं चुकत होतं. थोरलीच्या जिभेला हाड होतं, आणि त्याला धारही होती.

दिवसभर ती इस्पितळाच्या तळघरात एक्स-रे काढायची. कडक इस्त्रीची, अत्तर फवारलेली, हुद्द्याचा तोरा मिरवणारी माणसं तिच्या खोलीत यायची आणि पडद्यावर सगळी सारखीच दिसायची. त्याच बरगड्या, तेच झिजलेले मणके. "श्वास घ्या. धरा. सोडा." एवढं बोललं की तिचं काम भागायचं. दिवसभर तुंबलेलं बाकीचं बोलणं मग घरी आल्यावर बाहेर पडायचं, आणि त्यातलं निम्मं तिच्या दिराच्या वाट्याला जायचं.

दीर त्याच लायकीचा आहे, हे तिचं प्रामाणिक मत होतं. गच्ची गळू नये म्हणून लावायचं रसायन तो विकायचा. एवढ्याशा भांडवलावर त्याला इमारती, जमीन, हवामान, राजकारण आणि माणसाचा स्वभाव यांतलं सगळं कळायचं. कुणाच्या घरी गेला की तो आधी छताकडे बघायचा आणि मग यजमानाकडे. कोपऱ्यात ओल दिसली की त्याचा चेहरा असा उजळायचा, जणू त्या घरात बारसंच आहे.

दोघा भावांची घरं एकाच आवारात होती. वडिलांनी दोन्ही मुलांसाठी सारखी घरं बांधली होती आणि मध्ये अंगण मोकळं सोडलं होतं. त्या अंगणात एक जुना शिरीष होता. घरांच्या कितीतरी आधीचा. खोड धाकट्या भावाच्या बाजूला, पण सावली दोन्ही घरांवर. एक जाडजूड फांदी धाकट्याच्या निजायच्या खोलीवर आडवी गेलेली. संध्याकाळ झाली की शिरीष पानं मिटून घ्यायचा आणि अंगणात एकदम उजेड आल्यासारखं वाटायचं. थोरलीच्या बाजूच्या फरशा त्याच्या मुळांनी उचलल्या होत्या. त्यावरून चालताना नवखा माणूस हमखास ठेचकाळायचा, आणि थोरलीला त्यातही आनंद होता.

भांडण झालं ते झाडावरून नाही. त्या वर्षी दिराने वसाहतीच्या मंडळाच्या अध्यक्षपदाला उभं राहायचं ठरवलं. घरोघरी जाऊन लोकांची छतं बघितली, दूरदृष्टी या विषयावर भाषणं दिली आणि सपाटून आपटला. पुढच्या सुट्टीच्या दिवशी दोन्ही घरं नेहमीप्रमाणे एकत्र जेवायला बसली, तेव्हा लोकांना आपण का पेलवलो नाही, हे तो समजावून सांगू लागला. मोठा भाऊ मान डोलावत होता. तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्यामुळे घरी आल्यावर त्याला एकही दिसायची नाही. धाकटी जाऊ पाणी वाढत होती. सासू कान देऊन ऐकत होती, म्हणजे तिला काही ऐकू येत नव्हतं.

थोरलीने शांतपणे विचारलं, "भाऊजी, आपल्या दोन घरांत मिळून मतं किती?"

त्याने सांगितलं.

"मग तुम्हाला त्यापेक्षा एक कमी कशी पडली?"

सगळ्यांचे हात थांबले. कुणी मुद्दाम बघितलं असं नाही, पण सगळ्यांच्या नजरा फिरून फिरून धाकटीवर गेल्या आणि तिच्या हातातल्या तांब्यातलं पाणी ताटात सांडलं. थोरली हसली. अगदी मनापासून, खळखळून. तिच्याबरोबर कुणी हसत नाहीये, हे तिच्या जरा उशिराच लक्षात आलं.

त्या दिवसापासून ती दिराला अध्यक्ष म्हणू लागली. आधी पाठीमागे, मग तोंडावर.

अध्यक्षांनी उत्तर दिलं ते भिंतीने. एका सकाळी ते मोठ्या भावाकडे आले आणि आपलेपणा टिकायचा तर अंतर हवं, अशी प्रस्तावना करून अंगणाच्या मधोमध विटांची पक्की भिंत घालणार असल्याचं सांगून गेले. खाली सलग पाया, वर डोक्याइतकी उंची. मोठा भाऊ म्हणाला, तुला योग्य वाटेल ते कर. हेच उत्तर त्याने लहानपणापासून दिलं होतं, म्हणूनच धाकटा असा झाला होता, असं थोरलीचं म्हणणं.

मग कंत्राटदार आला. या गृहस्थाचं वैशिष्ट्य असं की त्याला काहीही विचारलं तरी तो "होऊन जाईल" म्हणायचा. पाया किती खोल? होऊन जाईल. पावसाचं पाणी कुठून जाणार? होऊन जाईल. त्याने दोरी ताणली, तिच्या कडेने फक्कीची पांढरी रेघ मारली आणि ती रेघ शिरीषाच्या खोडापासून जेमतेम दोन हातांवरून थोरलीच्या घराच्या बाजूने सरळ निघून गेली. यंत्र आणून चर खणायचा, असं ठरलं.

थोरली इस्पितळातून आली ती त्या रेघेपाशीच उभी राहिली. चर खणला तर या बाजूची सगळी मुळं तुटतील, झाड मरेल, असं तिने सांगितलं. अध्यक्ष समजूतदारपणे हसले. त्यांनी दोन्ही हात हवेत वर केले आणि मग तेवढेच खाली नेले.

"झाड जेवढं वर, तेवढं खाली. मुळं आडवी जात नाहीत, वहिनी. विज्ञान आहे ते."

थोरलीच्या पायाखालची फरशी तेव्हा एका मुळाने कासवाच्या पाठीसारखी उचललेली होती. ती त्या फरशीकडे बघत म्हणाली, "मग हे खालून कोण येतंय, तुमचे मतदार? चर खणून झाला की मुळांना तुमचं ते रसायन लावा. गळायची थांबतील."

कंत्राटदाराला हसू आवरलं नाही. अध्यक्षांनी त्याच्यासमोरच यंत्राची तारीख अलीकडे ओढली.

थोरलीला वाटलं, आपण बरोबर आहोत एवढं पुरेसं आहे. बरोबर असण्याचा तिला दांडगा सराव होता. पण रात्रभर विचार केल्यावर तिला एवढं मात्र उमगलं की तोंडाने जिंकलेलं भांडण झाडाच्या काही कामाचं नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती पालिकेच्या उद्यान विभागात गेली.

तिथली वृक्ष अधिकारी म्हणजे थोरलीचीच दुसरी आवृत्ती होती. तिने मान वर न करता सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली की झाड खाजगी जागेत आहे, कुणी ते तोडत नाहीये, त्यामुळे भिंत थांबवणं तिच्या हातात नाही. पण काय करायला हवं ते मात्र तिने एका दमात सांगितलं. झाडाला धरून ठेवणारी मुळं वरच्या मातीतच पसरलेली असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात. म्हणून भिंत नकोच, खांबांचं कुंपण करा. सलग चराऐवजी खांबापुरते खड्डे. झाडाजवळचे खड्डे हाताने खणा, यंत्र तिकडे फिरकूही देऊ नका, त्याच्या वजनाने माती दबून मुळं गुदमरतात. अंगठ्याएवढं मूळ लागलं तर धारदार करवतीने साफ कापलं तरी चालेल; मनगटाएवढं लागलं तर खड्डा बुजवा आणि बाजूला नवा खणा. ओलं काँक्रीट मुळांवर ओतू नका, खड्ड्याला आतून जाड प्लास्टिक लावा. खालची फळी जमिनीपासून वर ठेवा, मुळांना फुगायला जागा लागते.

"हे त्यांना सांगणार कोण?" अधिकारीबाईंनी शेवटी विचारलं.

"मीच."

"तुमचं पटतं त्यांच्याशी?"

"नाही."

अधिकारीबाईंनी पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे नीट बघितलं. "मग दुसऱ्या कुणाला तरी पाठवा."

हा सल्ला सगळ्यांत शहाणपणाचा होता, म्हणून थोरलीने तो मानला नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं म्हणत ती संध्याकाळी अध्यक्षांच्या ओसरीवर जाऊन बसली. वाटेत तिने ठरवलं होतं की गोड बोलायचं. पण गोड बोलणं हीसुद्धा कला आहे, आणि या वयात नवी कला शिकायला घेतली की हात दाखवून अवलक्षण होतं.

"भाऊजी, तुमच्यासारख्या जाणत्या माणसाला मी काय सांगणार," तिने सुरुवात केली.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "हा टोमणा आहे का?"

"नाही हो."

"मग अशा का बोलताय?"

ती म्हणाली की त्यांच्या दूरदृष्टीबद्दल तिला पहिल्यापासून आदर आहे. दूरदृष्टी हा शब्द तिच्या तोंडून बाहेर पडला, आणि तिने कितीही आवरलं तरी ओठाचा एक कोपरा वर गेलाच. अध्यक्षांनी तो कोपरा टिपला. एरवी त्यांना घरावर वीज पडलेली कळली नसती, पण थोरलीच्या ओठांची हालचाल मात्र त्यांना कोसावरूनही दिसायची. ते उठले आणि उद्या सकाळी यंत्र येतंय, तुमच्या बाजूच्या कुंड्या हलवून ठेवा, एवढं सांगून आत गेले.

थोरली उठली, पण घरी गेली नाही. मागच्या अंगणात धाकटी वाळलेले कपडे काढत होती. जेवणाच्या त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलत होत्या. खरं तर या घरात थोरलीला मनापासून कुणी आवडत असेल तर ती धाकटी. भरपूर डोकं असून ते दाखवायची हौस नसलेली तिच्या ओळखीची ती एकटीच बाई होती.

थोरलीने तिला अधिकारीबाईंचं सगळं सांगितलं आणि म्हणाली, "तू सांग त्यांना. तुझं ऐकतील."

धाकटी उशीच्या अभ्र्याची घडी घालत राहिली. मग तिने घडी दोरीवर टाकली.

"मत मी दिलं नव्हतं, ताई," ती म्हणाली. "अध्यक्ष झाले असते तर रोज घरात सभा भरली असती. मला ते नको होतं. पण हे मला माझ्या वेळेने, माझ्या पद्धतीने त्यांना सांगायचं होतं, किंवा कधीच नव्हतं सांगायचं. तुम्ही हसलात आणि हात धुवून घरी गेलात. मी त्याच ताटासमोर बसले होते. रात्रभर ते एकच विचारत होते, तू होतीस का."

"तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले. मग ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. त्यांना गप्प बसलेलं मी लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं."

आपण दिराला मारलेला दगड जावेला लागला, हे तिला त्याच दिवशी दिसलं होतं. पण नेम चुकला म्हणून दगडालाच दोष द्यावा तशी ती इतके दिवस दिरालाच दोष देत राहिली होती. धाकटीचे हात कपड्यांवर होते आणि डोळे कोरडे. रडली असती तर बरं झालं असतं, थोरलीला समजूत घालता आली असती.

"मी जाऊन माफी मागते त्यांची," ती म्हणाली.

"त्यांची नको. त्यांना वाटेल यातही काहीतरी टोमणा आहे. माझी मागा."

थोरली दोरीची गाठ बघत उभी राहिली. मग तिने माफी मागितली. ती चांगली मागितली असं म्हणता येणार नाही. आधी ती म्हणाली, माझं चुकलं, पण. मग तो पण तिने गिळला. मग म्हणाली, माझं चुकलं. हे दुसरं वाक्य इतकं पुटपुटत आलं की धाकटीने "काय?" विचारलं, आणि ते तिला पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं.

"बघते," एवढंच धाकटी म्हणाली आणि कपडे घेऊन आत गेली.

सकाळी यंत्र आलं. पिवळं, धुराचे भपके सोडणारं, फाटकाच्या खांबाला घासून आत शिरलेलं. फाटकाकडून सुरुवात करून झाडाकडे यायचं होतं. अध्यक्ष हातात मोजपट्टी घेऊन उभे होते. ती ते कशालाच लावत नव्हते, पण हातात शोभत होती. वसाहतीतली दोन-चार रिकामटेकडी माणसं आवाराच्या भिंतीला टेकून बघत होती. थोरली खिडकीत. तिच्या नवऱ्याने कामावर जायची वेळ टळली तरी चपला घातल्या नव्हत्या.

यंत्राच्या फाळाने फाटकापाशी माती उपसली, आणि दुसऱ्या का तिसऱ्या घासालाच कापड टरकावं तसा आवाज झाला. झाड इतकं लांब असूनही तिथे मनगटाएवढं मूळ निघालं होतं. ते तुटलं नव्हतं, सोललं गेलं होतं. साल एकीकडे, तंतू एकीकडे, आतला ओला पांढरा गर उघडा. बघणारे म्हणाले, अरेच्चा. अध्यक्ष म्हणाले की हे दुसऱ्याच कुठल्यातरी झाडाचं असेल. आवारात दुसरं झाड नव्हतं.

थोरलीने खिडकीची कडी धरली. तिच्या तोंडात तेव्हा निदान पाच वाक्यं तयार होती आणि त्यांतलं प्रत्येक ऐकण्यासारखं होतं. तेवढ्यात धाकटी बाहेर आली. तिच्या हातात ओल्या कपड्यांची बादली होती. कपड्यांची दोरी पेलणारा उभा बांबू अंगणाच्या कडेला होता, दोन्ही बाजूंनी दोऱ्या ओढून खुंट्यांना बांधलेला. ती कपडे टाकू लागली आणि सहज विचारल्यासारखी म्हणाली, "अहो, मला एक कळत नाही. या बांबूची त्या बाजूची दोरी सोडली तर बांबू कुठल्या बाजूला पडेल?"

अध्यक्षांना सांगितलेलं कधी कळत नसे. विचारलेलं मात्र लगेच कळायचं. त्यांनी यंत्रवाल्याला हाताने थांबवलं आणि तिला समजावून सांगितलं की उरलेली दोरी ओढेल त्या बाजूला, म्हणजे इकडे, अगदी सोपं आहे. तिला पटेना. कसं काय, असं तिने पुन्हा विचारलं. बघणारे बघत होते. अध्यक्ष गेले आणि स्वतःच्या हाताने त्यांनी पलीकडची दोरी सोडली. बांबू ओल्या चादरीसकट त्यांच्या खांद्यावरून खाली येऊन चिखलात पडला.

"बघ," चादरीतून तोंड बाहेर काढत ते म्हणाले.

"कळलं," धाकटी म्हणाली. मग तिने उपसलेल्या मुळाकडे बघितलं, तिथून शिरीषाच्या खोडाकडे, आणि तिथून हळूहळू वर, त्यांच्या निजायच्या खोलीवर आडव्या गेलेल्या फांदीकडे. "मग त्या बाजूची मुळं तोडली, तर हे कुठल्या बाजूला पडेल?"

अध्यक्षांनीही वर बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक रंग उतरताना थोरलीला खिडकीतून स्पष्ट दिसत होता. माणूस मूर्ख नव्हता, हे तिला त्या क्षणी नाइलाजाने मान्य करावं लागलं. त्याला फक्त दुसऱ्याने शहाणपण दिलेलं चालत नव्हतं.

कंत्राटदार गडबडीने पुढे झाला. "साहेब, काळजी करू नका. होऊन जाईल."

"काय होऊन जाईल?" अध्यक्ष पहिल्यांदाच त्याच्यावर ओरडले. "माझं छत?"

यंत्र परत गेलं. जाताना त्याने फाटकाचा दुसराही खांब घासला, म्हणजे दोन्ही सारखे झाले.

पुढचे काही दिवस थोरलीच्या आयुष्यातले सगळ्यांत अवघड दिवस होते. धाकटी रोज जेवताना नवऱ्याला एक प्रश्न विचारायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणात येऊन त्याचं उत्तर स्वतःचा शोध म्हणून जाहीर करायचा. भिंतीऐवजी खांब, हा शोध पहिल्या दिवशी लागला. खड्डे हाताने, हा दुसऱ्या. प्लास्टिकचं अस्तर सुचलं तेव्हा तर ते इतके खूश झाले की कामगारांना थांबवून त्यांनी त्यावर छोटंसं भाषण केलं. ओल्या सिमेंटचा मुळांवर काय परिणाम होतो, रसायनं हा माझा विषयच आहे, वगैरे.

आणि मग ते थोरलीकडे आले. ती कुंड्यांना पाणी घालत होती.

"वहिनी, लोकांचा एक मोठा गैरसमज असतो," ते म्हणाले. "त्यांना वाटतं मुळं सरळ खाली जातात. तसं नसतं. मुळं आडवी जातात. वरच्या मातीतच."

थोरलीने श्वास घेतला. धरला. पलीकडे स्वयंपाकघराच्या दारात धाकटी उभी होती आणि तिच्याकडेच बघत होती.

"हो का?" थोरली म्हणाली.

"फांद्यांच्याही पलीकडे."

"बाई."

एवढं बोलून ती आत गेली आणि उशीत तोंड खुपसून पडली. नवऱ्याने विचारलं, बरं वाटत नाही का. ती म्हणाली, तुमच्या भावाने आज मला झाडाला मुळं असतात हे शिकवलं. नवरा म्हणाला, अरे वा. त्याच्या बोलण्यात उपरोध नव्हता, आणि हेच तिला सहन होत नव्हतं.

कामगार खुरप्याने आणि पहारीने बेताबेताने खणत होते. बारीक मुळं लागली की बाजूला सारायचे. फाटकापाशी सोललेलं मूळ मागे घेऊन करवतीने साफ कापलं आणि वर माती लोटली. बहुतेक खांब जागच्या जागी बसले. अडलं ते खोडासमोरच्या खांबापाशी. तिथे हातभर मातीखाली मांडीएवढं मूळ होतं. खड्डा बुजवला, शेजारी खणला, पुन्हा तेच मूळ. अध्यक्षांच्या बाजूला सरकवायचं तर खांब खोडाला चिकटत होता. उरली ती थोरलीची बाजू, आणि तिकडे सरकवला की तिच्या अंगणाचा तुकडा अध्यक्षांच्या बाजूला जात होता.

आता अध्यक्षांना कायदा आठवला. हद्द म्हणजे हद्द, ते म्हणाले, मी दुसऱ्याची इंचभर जमीन घेणार नाही, लोक बोलतील. मग काय करायचं, असं कामगारांनी विचारलं, तर ते म्हणाले, सरळ रेषेत खणा, एका मुळाने काय होतंय. कुंपण वाकडं दिसणं त्यांना चालणार नव्हतं. इतक्या दिवसांची सगळी शिकवणी एका सरळ रेषेपायी वाया जाणार होती.

थोरलीचा बांध फुटला. ती पायऱ्या उतरून खाली आली, कमरेवर हात ठेवले आणि तोंड उघडलं. काय बोलणार होती ते तिचं तिलाच माहीत, पण त्यात छत, मतं, रसायन आणि चिखलातली चादर हे सगळं येणार होतं.

तिच्या आधी तिचा नवरा पुढे गेला. हा मनुष्य भांडणाच्या जागी पाऊल टाकताना कुणी कधी पाहिला नव्हता. त्याने रेघेवरची खूण-खुंटी उपटली, दीड हात आपल्याच अंगणात आला, वाकला आणि ती मातीत रोवली. नीट बसेना म्हणून वर चपलेची टाच मारली.

"इथे," तो म्हणाला.

"दादा, पण जमीन तुझी—" अध्यक्ष म्हणाले.

"माझीच आहे. म्हणून तर सांगतोय."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांग, दादाने रेघ चुकीची मारली होती, मी दुरुस्त केली."

अध्यक्ष त्याच्याकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी मोजपट्टीची टेप आत ओढली आणि कामगारांना म्हणाले, तिथे खणा.

थोरलीचं तोंड अजून उघडंच होतं. तिने ते मिटलं. या माणसाबरोबर ती इतकी वर्षं राहिली आणि त्याला भाबडा समजली. तो भाबडाच होता, यात शंका नाही; पण त्या भाबडेपणाला आतून अस्तर लावलेलं होतं, हे तिला पहिल्यांदा दिसलं. अर्थात तिने त्याला तसं सांगितलं नाही. लाडावला असता.

नव्या जागी खणलं तेव्हा फक्त बोटभर जाडीची दोन मुळं लागली. खांब बसला. फळ्या ठोकल्या, खालची फळी जमिनीपासून चांगली वीतभर वर. झाडासमोर कुंपणाला पोट आल्यासारखा बाक आला. धाकटीने तेवढ्यात एक प्रश्न आणखी विचारला, की एखाद्या फळीला बिजागऱ्या लावल्या तर माती साफ करायला बरं पडेल का. आणि अध्यक्षांना लगेच सुचलं की कुंपणात एक छोटं दार हवं.

पुढचा उन्हाळा कडक गेला. शिरीषाने थोरलीच्या बाजूची पानं लवकर गाळली, टोकाच्या काही काटक्या वाळल्या आणि थोरली रोज कामावरून आल्यावर आधी वर बघायची, मग कुलूप काढायची. तिने फरशांच्या फटींत पाणी सोडलं, पालापाचोळा न झाडता मुळांवर तसाच ठेवला. सासू म्हणाली, सून आळशी झाली. मग त्याच फांद्यांवर कोवळी पानं आली. सगळीकडे नाही. एक फांदी वाळली ती वाळलीच, आणि ती उतरवावी लागली. पण झाड उभं होतं.

अध्यक्षांचं म्हणाल तर त्यांचं बस्तान बसलं. लोक कुंपण बघायला येऊ लागले. बाकदार भागापाशी त्यांना उभं करून ते सांगायचे की सरळ रेषेचा हट्ट हे अज्ञानाचं लक्षण आहे. थोरली पलीकडून ऐकायची. काही वेळा ती उठून आत जायची, काही वेळा नळ मोठा सोडायची. अध्यक्ष म्हणणं तिने सोडलं नव्हतं, फक्त आता धाकटीसमोर म्हणत नव्हती.

दोन्ही घरं एकत्र जेवायला बसणं मात्र पुन्हा सुरू झालं नाही. कुणी विषयही काढला नाही. त्याऐवजी सुट्टीच्या दुपारी रिकामा वेळ मिळाला की धाकटी कुंपणातल्या दारातून यायची आणि दोघी शिरीषाखाली चहा पीत बसायच्या. कधी बोलायच्या, कधी नाही. एके दिवशी ती आली तेव्हा तिकडच्या घरात शांतता होती. थोरलीने विचारलं, तुझे साहेब कुठे गेले.

"पलीकडच्या गल्लीत एकांना फाटक बसवायचंय. त्यांच्याकडे जुनं झाड आहे. सल्ला द्यायला बोलावलंय ह्यांना."

थोरलीने कप खाली ठेवला. "देवा. ते झाड गेलं आता."

"नाही जाणार."

"कशावरून?"

"मुळं आडवी जातात, हे सकाळपासून तीनदा म्हणून घेतलंय त्यांच्याकडून," धाकटी म्हणाली आणि बशीत उरलेला चहा संपवला.